डबा रिकामा जात नाही

मंचरला स्टँडच्या मागं, वडापाववाल्याच्या बरोबर डोक्यावर, के.डी. सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. खाली तेलात वडे पडतात, वर इंग्रजीत पोरी. सरांचं खरं नाव कुंडलिक, पण त्या नावानं हाक मारली की त्यांचं इंग्रजी बिघडतं म्हणून के.डी. त्यांचा 'व्हॉट' ओठांच्या टोकावर येऊन असा फुटतो की पहिल्या बाकावरच्या पोरींना रुमाल लागतो.

"व्व्हॉट इज द मोस्ट मेमोरेबल गिफ्ट ऑफ युवर लाइफ?"

"माय फादर गिफ्टेड मी अ रिस्ट वॉच ऑन माय बर्थडे!" अख्खा क्लास एका सुरात, पाढे म्हटल्यासारखा.

"अँड हाऊ डिड यू फील?"

"माय हॅपिनेस न्यू नो बाउंड्स!"

त्यातल्या एकीच्याही बापानं घड्याळ दिलेलं नव्हतं. घाटघरच्या रत्नाच्या बापाला, जानकूला, तर पोरीचा बर्थडे कधी असतो हेच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "भाताची आवणी उरकली व्हती आन् तुझ्या आयचं पोट दुखाया लागलं. आता तवा तारीख बघू का तुझ्या आयकडं बघू?" तरी रत्नाची हॅपिनेस रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर बाउंड्सच्या पलीकडं जाऊन यायची.

रत्ना जानकू रावते. जुन्नरच्या पार पश्चिमेला, नाणेघाटाच्या तोंडाशी घाटघर आहे, तिथली. सरकारी हॉस्टेलात राहून नर्सिंग केलेली, मंचरच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. सलाईनची शीर सापडत नसली की रत्ना, म्हातारं औषध थुंकत असलं की रत्ना. पण नाव घ्यायची वेळ आली की डॉक्टर म्हणणार, "ए घाटघर, ड्रेसिंगचा ट्रे आण." अख्ख्या गावाचं नाव एकटीच्या अंगावर! तिला हसायला यायचं आणि त्यातलं निम्मं हसू खोटं असायचं.

कान मात्र तिचा भलता तिखट. चहाच्या सुट्टीत बाकीच्या पोरी दार लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "रत्ने, डॉक्टर कर." मग ती चष्मा नाकावर सरकवल्यासारखं करून, घशात खाकरून, "हे बघा मावशी, घाबरायचं काही कारण नाही, फक्त आधी काउंटरला जाऊन या," असं म्हणायची की दाराबाहेरचा पेशंट उठून काउंटरला निघायचा. कुणाचाही आवाज तिच्या गळ्यात दोन दिवसांत मुक्कामाला यायचा.

राहायची ती अवसरी खुर्दला, सयाजीतात्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत. तात्यांची श्रेया त्याच दवाखान्यात नर्स. इंग्लिश मिडियमची, स्कूटीवरून येणारी, मनानं तशी वाईट नसलेली. तिनंच आईला सांगितलं आणि शीलाकाकू म्हणाल्या, "मंचरला कशाला खोली बघती? आमची मागची पडूनच हाय. आन् भाडं-बिडं काय घेणार गं तुझ्याकडनं!"

भाडं खरंच घेतलं नाही. फक्त 'जरा' होतं.

"अगं रत्ना, जरा तात्यांचं बीपी बघ." "रत्ना, जरा शेजारच्या आजींना इंजेक्शन दे बाई, त्या कंपाउंडर पोराचा हात जड हाय." "रत्ना, दळण तेवढं आण जरा, तू येतच हायेस ना तिकडनं." कामावरून घरी पोचेपर्यंत 'जरा' दारात उभा असायचा, चपला काढायच्या आधी.

आणि काकूंचा देण्याचा हात सैल. दर महिन्याला काहीतरी निघायचंच. "हा श्रेयाचा ड्रेस. एकदाच घातलाय बघ!" एकदाच घातलेल्या ड्रेसची चेन गेलेली असायची, नाहीतर काखेत रंग उडालेला. एकदा ब्लाऊजपीस दिला. त्याच्या घडीत दुसऱ्याच कुणाच्या ओटीचे तांदूळ आणि सुकलेलं हळकुंड होतं. "घे गं, लाजती काय, घरचीच तू." रत्ना घ्यायची. घेताना काय म्हणायचं तेही तिला आता पाठ झालं होतं, "काकू, कशाला उगाच!" मनातून तिला एवढंच वाटायचं की कधीतरी असं एक घर असावं जिथं आपण आधी देऊ, आणि समोरच्यानं म्हणावं, कशाला उगाच.

तशी ती द्यायची. दर खेपेला घाटघरहून येताना सोनीबाई, म्हणजे तिची आय, ॲल्युमिनियमचा डबा भरून द्यायची. कधी हातसडीचा तांदूळ, कधी नाचणीचं पीठ, उन्हाळ्यात करवंदं. काकू झाकण उघडून नाक आत घालायच्या. "अय्या! तुमच्याकडचा तांदूळ म्हंजे नुसता घमघमतो! शिजाया मात्र लई वेळ खातो बाई." आणि दोन दिवसांनी डबा परत मिळायचा. घासलेला, पुसलेला, आत तोंड दिसेल असा. रिकामा.

आता, तुमच्या-आमच्याकडं भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात आणि सोडून देतात. घाटघरात सोडून देत नाहीत. सोनीबाईचा कायदा असा की रिकामं भांडं उंबरा ओलांडत नाही. काही नसलं तर मिठाचा खडा टाक, पण टाक. मुद्दाम रिकामं पाठवलं तर त्याचा अर्थ सरळ होतो, तुमचं-आमचं सपलं.

म्हणून रत्ना काय करायची, तर जुन्नरला गाडी बदलताना बाजारातून गुळाची ढेप घ्यायची, फोडून डब्यात भरायची आणि घरी गेल्यावर सांगायची, "काकूंनी दिलाय." सोनीबाई गुळाचा खडा तोंडात टाकून डोळे मिटायची. "लई मायाळू माणसं गं. खालच्या अंगाची, देशावरची असून बी रीत पाळतीत."

तर अशी ही रत्ना, आणि ही परीक्षा.

आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलला नर्सा हव्या होत्या. पुण्याच्या एजन्सीकडून कागदपत्रं तपासून झाली होती, रत्नाची आणि श्रेयाची दोघींची पास. राहिलं होतं ते बोलणं. तिकडची मॅडम स्वतः लॅपटॉपवर येऊन विचारणार, विषय दोन, रोजचं जगणं आणि भेट देणं-घेणं. पास झालं की विमान. नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा. पण उत्तर पाठ केलेलं आहे असा शेरा बसला, तर त्या हॉस्पिटलचं दार कायमचं बंद.

रत्नानं दवाखान्याच्या मोबाइलवर त्या हॉस्पिटलचा फोटो मोठा करून पाहिला होता. तिथल्या नर्सांच्या छातीवर नावाची पट्टी होती. तेवढ्या पट्टीसाठी तिची झोप गेली होती. 'स्टाफ नर्स रावते.' ती न्हाणीघरात पाण्याच्या आवाजात ते म्हणून बघायची, वेगवेगळ्या आवाजांत.

एके दिवशी के.डी. सर क्लासात आले ते चेहरा पाडून.

"फ्रॉम टुडे," सर म्हणाले, "नो रिस्ट वॉच."

क्लासात सुतक पडलं.

"मागल्या बॅचमधल्या सगळ्या पोरींच्या बापांनी घड्याळं दिलेली निघाली. त्या मॅडमनं एजन्सीला विचारलं, तुमच्या भागात घड्याळाचा कारखाना आहे काय? गेल्या सगळ्या!" सरांनी रुमालानं मान पुसली. "आता आपापली गोष्ट. ओरिजिनल. कोण सांगतंय? श्रेया?"

श्रेया उठली. इंग्रजी तिचं नळासारखं, चावी फिरवली की चालू. "आय गॉट अ स्कूटी. फ्रॉम माय पापा. इट वॉज रेड."

"देन?"

"देन... आय रोड इट, सर."

"देन?"

श्रेयानं खूप विचार केला. "सर्व्हिसिंग," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग रत्ना उठली. तिचं इंग्रजी नळासारखं नव्हतं. हंड्यातून ओंजळीनं काढावं तसं निघायचं, निम्मं सांडायचं. तिनं डब्याची गोष्ट सांगितली.

घाटाखाली कोकणात बायडाबाई राहते, सोनीबाईची लहानपणची मैत्रीण. दोघींमध्ये एक पितळी डबा आहे. घाट उतरणाऱ्या कुणाच्याही हाती वरून नाचणी जाते, मध जातो. खालून आमसुलं येतात, सुका जवळा येतो. पहिल्यांदा कुणी पाठवला ते आता दोघींनाही आठवत नाही. रिकामा कधी गेला नाही. एका पावसाळ्यात बायडाबाईचा नवरा कुशाबा साप चावून गेला. डबा किती तरी दिवस वर आलाच नाही. आला तेव्हा आत मिठाचा एक खडा होता. एवढाच. सोनीबाईनं तो खडा हातात घेऊन पाहिला. डबा तांदळानं दाबून भरला, आणि त्या वेळी तो कुणाच्या हाती दिला नाही. डोक्यावर घेऊन स्वतः घाट उतरली.

रत्ना थांबली तेव्हा खालच्या वड्यांचा चर्र आवाज वर ऐकू येत होता. के.डी. सर चूक काढायची विसरले. नंतर आठवण झाली तेव्हा म्हणाले, "ग्रामर लई वाईट. पण हेच सांग. हेच. कुणी हात लावू नका तिच्या गोष्टीला, श्रेया, तू फक्त इंग्लिश नीट करून दे तिचं."

मग रोज कामावरून आल्यावर, उरलेसुरले 'जरा' उरकून, दोघी गच्चीवर बसायला लागल्या. समोर तात्यांचा ऊस, लांब इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांची भुणभुण. श्रेया व्हायची आयर्लंडची मॅडम. ओढणी गळ्यात गुंडाळायची आणि नाकात बोलायची, "सोऽ रॅटना, टेल मी!"

"माय मदर गो विथ बॉक्स..."

"थांब थांब. असं म्हण. 'धिस टाइम माय मदर डिड नॉट सेंड द बॉक्स. शी वॉक्ड विथ द बॉक्स.' आणि 'वॉक्ड' च्या आधी थोडी थांब. इफेक्ट येतो."

"धिस टाइम माय मदर डिड नॉट सेंड द बॉक्स," रत्ना म्हणाली. थांबली. "शी वॉक्ड विथ द बॉक्स."

श्रेयानं अंगावर हात चोळले. "ए, काटा आला बघ मला."

रत्नाला शिकायची एकच रीत माहीत होती, आवाज उचलायचा. तिनं श्रेयाचा उचलला. वाक्याच्या शेवटी श्रेयाचा सूर वर जायचा, तिचाही जायला लागला. 'अँड' म्हणताना श्रेया हळूच श्वास घ्यायची, रत्नानं श्वाससुद्धा उचलला. एकदा खालून काकूंनी हाक मारली, "श्रेया, कुणाशी बोलती गं एवढं इंग्लिश?" आणि श्रेया तर तेव्हा न्हाणीघरात होती. दोघी पोट धरून हसल्या.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी श्रेया शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, "रत्नी, माझी स्कूटी ऐकून ती बाई झोपेल नाय?"

"सर्व्हिसिंगचं नको सांगू."

"आमच्याकडं काय घडतच नाय गं." श्रेयानं टरफल गच्चीवरून खाली फेकलं. "तुला एवढं इंग्लिश दिलं मी. तुमच्यात भांडं रिकामं परत देत नाय ना? मग मला काय?"

ती हसतच म्हणाली होती. रत्नाही हसली. तिच्या घरी असं कुणी म्हटलं की एकच उत्तर असतं आणि ते विचार न करता तोंडातून येतं.

"काय पायजे ते घे."

"बघ हां."

"घे की! माझ्याकडं असं हाय तरी काय?"

परीक्षा मंचरच्या एका मंगल कार्यालयात होती, कारण तिथं नेट चांगलं होतं. आदल्या दिवशी तिथं लग्न लागलेलं. स्टेजवर थर्माकोलची अक्षरं तशीच, 'स्वराज वेड्स उज्ज्वला', त्यातला 'ज्ज्व' लोंबत होता. जिथं आहेर लिहून घेतात त्या टेबलावर एजन्सीचा ऋषी गळ्यात पट्टा घालून बसला होता. पोरी वधूपक्षाच्या खोलीत बसवलेल्या. बोलावणं आलं की वरपक्षाच्या खोलीत जायचं, लॅपटॉप तिथं. एक पोरगी म्हणाली, "माप ओलांडायचं का गं आत जाताना?" आणि कुणीच हसलं नाही.

फॉर्म आधी भरल्यामुळं श्रेयाचा नंबर आधी होता. ती आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. गाल लाल. रत्ना उठून पुढं झाली. "काय विचारलं? कसं गेलं?"

"सोप्पंय गं," श्रेया म्हणाली. रत्नाच्या खांद्यावरची ओढणी तिनं नीट केली, पिन लावली, आणि तिच्याकडं न बघता बाथरूमकडं गेली.

मध्ये जुन्नरच्या एका पोरीचा नंबर झाला. मग ऋषी ओरडला, "रॅटना रावटे!" अवसरीच्या अलीकडचा पोरगा तो, पण मॅडमच्या लॅपटॉपशेजारी बसून त्याचीही जीभ आयर्लंडला गेली होती.

मॅडम चांगली होती. पिकलेल्या टोमॅटोसारखे गाल, डोक्यावर चष्मा. मधूनच नेट अडकायचं, मग तिचं तोंड उघडं तसंच राहायचं आणि आवाज मागून यायचा. तिनं विचारलं, "टेल मी अबाउट अ गिफ्ट, रॅटना. एनी गिफ्ट. टेक युवर टाइम."

रत्नानं श्वास घेतला. तोच, 'अँड' च्या आधीचा.

डबा निघाला. घाट उतरला, चढला. आमसुलं आली. इंग्रजी सांडत नव्हतं, एक थेंबसुद्धा. रत्नाला स्वतःचंच नवल वाटत होतं. ती मिठाच्या खड्यापर्यंत आली आणि तिनं पाहिलं की मॅडमनं डोक्यावरचा चष्मा खाली डोळ्यांवर ओढलाय. नेट अडकलं असेल असं तिला वाटलं. ती पुढं म्हणाली, "धिस टाइम माय मदर डिड नॉट सेंड द बॉक्स." थांबली.

"शी वॉक्ड विथ द बॉक्स," मॅडम म्हणाली.

वाक्य रत्नाचं, आणि बोलली मॅडम.

"आय हर्ड धिस स्टोरी धिस मॉर्निंग, रॅटना. द सॉल्ट. द फ्रेंड बिलो द हिल. इट वॉज अ ग्रँडमदर देन. बट द सेम वर्ड्स. इव्हन द सेम पॉज." मॅडम रागावलेली नव्हती, ते जास्त वाईट होतं. "डू यू हॅव अ स्टोरी ऑफ युवर ओन?"

ऑफ युवर ओन. स्वतःची.

रत्नाच्या डोक्यात सगळं एकदम लागलं, लाल गाल, ओढणी, पिन. ती आय माझी आहे, हे सांगायचं होतं. बायडाबाईचा फोन नंबर आहे, लावून देते, तिलाच विचारा, हे सांगायचं होतं. पण त्याचं इंग्रजी तिला कुणी करून दिलेलं नव्हतं. आणि त्याच्याही खाली, पार तळाशी, दुसरंच काहीतरी अडकलं होतं. घे म्हणाले होते ना मी. काय पायजे ते घे, म्हणाले होते. दिलेलं परत मागायची रीत घाटघरात नाही.

मॅडम वाट बघत होती. ऋषीनं पेन टिकटिक केलं. रत्नाचं तोंड उघडलं, आणि जे आतून आपोआप बाहेर पडलं ते अख्ख्या क्लासाच्या सुरात होतं.

"माय फादर गिफ्टेड मी अ रिस्ट वॉच ऑन माय बर्थडे."

मॅडमनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. तेवढ्यात नेट अडकलं आणि ती तशीच राहिली, लिहिताना, खाली मान घातलेली.

बाहेर पार्किंगमध्ये श्रेया स्कूटी चालू करून उभी होती. रत्ना जवळ आली तरी बसली नाही.

"तूच म्हणालीस ना घे," श्रेया आधीच बोलली. अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"म्हणले."

"मला वाटलं तू आत गेल्यावर दुसरी सांगशील. तुमच्याकडं असल्या गोष्टी ढीगभर असतात गं. आमच्याकडं काय आहे?" तिचा आवाज फाटला. "ही स्कूटी!"

रत्नाला क्षणभर वाटलं, तिच्याच आवाजात तिला उत्तर द्यावं, सूर वर नेऊन, श्वास घेऊन. अगदी हुबेहूब आलं असतं. पण तो आवाज तिनं गळ्यात येऊ दिला नाही. ती म्हणाली, "जा तू. मी यस्टीनं येते."

निकाल ऋषीनं फोनवर कळवला. श्रेया पास. मॅडमनं लिहिलं होतं म्हणे, आजीची गोष्ट फार हृद्य होती. रत्नाच्या नावापुढं एकच शब्द होता, पाठांतर. के.डी. सरांनी तो शब्द ऐकला तेव्हा 'व्हॉट' म्हणायला तोंड उघडलं आणि या वेळी काहीच फुटलं नाही. त्यांनी रत्नाकडं पाहिलं, मग बाकावरच्या श्रेयाच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, आणि फळा पुसायला वळले. फळा आधीच कोरा होता. श्रेयाच्या यशाचा बोर्ड दुसऱ्या दिवशी क्लासच्या खिडकीत लागला, सरांच्या फोटोसकट.

बंगल्यात पाहुण्यांची रीघ लागली. "आमची श्रेया आर्लंडला चालली!" काकू प्रत्येकाला नव्यानं सांगायच्या. "काय नाय ओ, तिच्या आज्जीची गोष्ट सांगितली म्हणं, बाई रडाया लागली तिकडं!" तात्यांच्या आईनं उभ्या जन्मात कुणाला चिमूटभर साखर उसनी दिली नव्हती, हे जमलेल्या निम्म्या पाहुण्यांना माहीत होतं. पण पेढा तोंडात असताना कोण बोलतंय. तात्या रत्नाला म्हणाले, "नशीब असतं राव एकेकाचं," आणि बीपीसाठी दंड पुढं केला.

काकू तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "तुझं ऱ्हायलं का गं? असू दे. तसंबी श्रेया गेल्यावर तू बी गेली असतीस तर आमचं कुणी बघितलं असतं?" आणि मग त्यांनी मांडणीवरून एक स्टीलचा डबा काढला, त्यात पेढे भरले, गच्च. "तुझ्या आयला दे. डबा तेवढा आठवणीनं परत आण हां. सेटमधला हाय."

इतक्या वर्षांत त्या घरातून पहिल्यांदा भरलेला डबा बाहेर पडत होता.

घाटघरला सोनीबाईनं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पोरीसारखा झाला. "बघ! दर खेपेला गूळ देतीत, आवंदा पेढं! मी म्हणत व्हते का न्हाई?" तिनं एक देवापुढं ठेवला, एक जानकूच्या हातावर, एक कागदात गुंडाळला. "ह्यो बायडाबाईला. कोण तरी उतरंल उद्या. कशाचं गं पेढं?"

"श्रेयाचं जमलं. परदेशात."

"आन् तुझं?"

"न्हाई जमलं."

सोनीबाईनं हातातल्या पुडीची घडी उगाच पुन्हा घातली. "व्हईल," ती म्हणाली. आणि तशीच उठून, पेढे ताटात काढून, काकूंचा डबा धुऊन, त्यात कणगीतला तांदूळ भरायला बसली. मापानं नाही, ओंजळीनं. डबा आपटून आपटून जागा करत. लोकांनी एवढं दिलं, तर आपलं कमी पडायला नको.

सकाळी गाडीच्या वेळेला ती बाहेरून पाणी घेऊन आली, तर रत्ना कणगीपाशी बसली होती आणि डबा उपडा करत होती. तांदूळ सर्रकन आत पडला.

सोनीबाईनं हंडा खाली ठेवला.

"रिकामा नेतीस?"

"व्हय."

"मिठाचा खडा तरी?"

"न्हाई."

सोनीबाई पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली. जानकू तिथं असता तर त्यानं विचारलं असतं, काय झालं, कुणी काय म्हणलं. तिनं विचारलं नाही. घाटघरात या गोष्टीला पुढं विचारायचं काही उरत नाही. ती जवळ आली, डबा हातात घेतला, आत पाहिलं. तळाच्या खाचेत तांदळाचे दाणे अडकले होते. पदराच्या टोकानं तिनं ते एकेक करून काढले, सगळे, पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं, मग झाकण लावलं आणि डबा रत्नाच्या हातात दिला.

अवसरीला पोचेपर्यंत रत्नाच्या मांडीवर डबा खडखडत होता. जुन्नरला तिनं गाडी बदलली, गूळवाल्यानं ओळखीनं मान हलवली, ती तिकडं गेली नाही. मनात ती तयारी करत होती. काकू झाकण उघडतील. आत बघतील. मग वर बघतील. तेव्हा आपण काय तोंड करायचं, काय म्हणायचं, कुणाच्या आवाजात. तिनं ठरवलं, आपल्या आवाजात. एकच वाक्य. तिनं ते गाडीत दहादा म्हणून पाहिलं.

काकू ओट्यापाशीच होत्या. "आलीस? डबा आणलास का?" त्यांनी हात पुढं केला. झाकण काढलं. आत पाहिलं. रत्नानं श्वास घेतला.

"अय्या, किती चकाचक घासलाय गं!" काकू म्हणाल्या. "माझी बाई कधी असा घासत न्हाई. आन् झाकण हाय ना? हां, हाय. मला तेचीच काळजी लागली व्हती."

त्यांनी टाचा उंच करून मांडणीवरचा मोठा डबा खाली घेतला, त्याच्या पोटात हा बसवला आणि वरून थापटला.

"बसला बरोब्बर," त्या म्हणाल्या. "आता जरा तात्यांचं बीपी बघ बाई, सकाळधरनं वाट बघत्यात तुझी."